बारा सुया

यंदाही कूलरचा वाळा बदलायचा राहून गेला. एप्रिल अर्धा सरला, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि आमच्या कूलरमध्ये गेल्या वर्षीच्याच काळ्या पडलेल्या ताट्या आहेत. पाणी टाकलं की पहिली दोन मिनिटं वास येतो, तेवढ्यावर भागवते. दर रविवारी म्हणते, आज बेगम बाजारला जाऊन नवा वाळा आणू, आणि दर रविवारी दुपारी जेवून आडवी होते ती पाचला उठते. पन्नाशीकडे झुकलं की माणूस असंच दमतं की मीच दमते, देव जाणे.

लेकीची, ईराची, प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. घरात सगळे हळू बोलतात. मिक्सर लावायचा तर तिच्या खोलीचं दार आधी ओढून घ्यायचं. परवा ऑफिसातून आले, पर्स खुर्चीवर टाकली, चपलाही काढल्या नव्हत्या आणि विचारलं, "आजचा पेपर सोडवलास का गं?"

"हो गं मम्मा. पूर्ण."

रात्री वाळलेले कपडे आणायला बाल्कनीत गेले तर सरावाचा तो पेपर तिथंच कुंडीखाली दडपून ठेवलेला. कोरा. नाव तेवढं घातलेलं. मी तो होता तसा परत ठेवला. रागवायला अंगात त्राण नव्हतं हे एक. आणि दुसरं असं की त्या "पूर्ण"मधला आवाज माझ्या ओळखीचा होता. तो आवाज मी सतरा वर्षांची असताना काढला होता, नारायणगुड्यात, एका रविवारी संध्याकाळी, बसची वेळ टळत असताना.

तेव्हा आम्ही तारनाक्याला राहायचो. बाबा रेल्वेत. माझे क्लास मात्र नारायणगुड्याला. ते दिवसच तसले होते. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या, भिंतीभिंतीवर कॉम्प्युटर शिका म्हणून जाहिराती, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडीचे खोके. ज्याच्या घरी जावं त्याचा कुणीतरी अमेरिकेला निघालेला. बाबांनी आयुष्य एकाच टेबलावर काढलं होतं आणि त्यांना अचानक वाटायला लागलं होतं की आपली पोरगी मागे राहणार. शनिवारी दुपारी क्लास, रविवारी सकाळी परीक्षा. मग उन्हात दोनदा बसचे धक्के खाण्यापेक्षा शनिवारची रात्र माईकडे काढायची असं ठरलं.

माई म्हणजे बाबांची आई, माझी आजी. सगळी गल्ली तिला माई म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. आजोबा जुन्या सरकारी कचेरीतले कारकून, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. माई नारायणगुड्यात दोन खोल्यांत एकटी राहायची. एका खोलीत चूल-मोरी, दुसरीत खाट, रेडिओ आणि खिडकीखाली तिची शिवणाची पेटी. बाबा महिन्यातून एकदा तरी म्हणायचे, "माई, आता तारनाक्याला चल. एकटी काय करतेस इथं?" ती म्हणायची, "शिवते." विषय संपला.

ती झबली शिवायची. गल्लीत कुणाकडे पाळणा हलला की पहिलं झबलं माईचं. मग ते घर मराठी असो, तेलुगू असो की मुसलमानाचं. मशीन तिनं कधी घेतलं नाही. "मशीनची शिवण टोचते," म्हणायची. तिच्या झबल्याचे कायदे होते. कापड नवं कोरं नको, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. आजोबांची जवळजवळ सगळी धोतरं त्यात गेली. शिवण आतून नाही, बाहेरून, म्हणजे बाळाच्या अंगाला लागत नाही. बटण नाही, बंद. आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही. गाठ रुतते म्हणून. दोऱ्याचं टोक दोन उलट्या टाक्यांत अडकवायचं आणि पुढं निघायचं. मला शाळेत शिवणाच्या बाईंनी आधी गाठ मारायला शिकवली होती. माईनं ते पहिल्याच शनिवारी विसरायला लावलं.

"अगं, पण सुटेल ना!"

"तीन महिन्यांत पोरगं मोठं होतं. तोवर टिकलं की बस की. जन्मभर टिकायला काय किल्ला बांधतोय आपण?"

आणि सुया. सुया बरोब्बर बारा. बेगम बाजारातून आणलेलं एक पाकीट, आणि त्यासाठी तिनं लाल मखमलीच्या तुकड्यात लाकडाचा भुसा भरून केलेली उशी. बाळाच्या कपड्याचं काम, तेव्हा सुई इकडं-तिकडं होऊन चालत नाही. दिवेलागणीच्या आत काम आवरायचं, सुया उशीत टोचायच्या आणि मोजायच्या. बारा भरल्या की पेटी बंद. दिवे लागल्यावर सुई हातात धरणं तिच्या हिशेबी अवलक्षण होतं.

मार्चमधल्या कुठल्याशा शनिवारी मी पोहोचले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा. दोरा ओठात ओला करायची, पुढं न्यायची आणि सुईच्या शेजारून घालवायची. पुन्हा ओला, पुन्हा शेजारून. मी दारात उभी आहे हे तिला कळलंच नाही. किती वेळ ते चाललं होतं कोण जाणे. मांडीवरचं झबलं अजून नुसतं कातरलेलं होतं.

"माई, दे मी ओवते."

ती दचकली. मग सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दार लाव आधी."

डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं थेंब घालून टिकवा. मधलं थोडं दिसायचं, कडेचं नाही, आणि बारीक तर काहीच नाही. एकटी रिक्षानं जाऊन दाखवून आली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाबांना सांगायला नको?"

"नक्को. बाबाला कळलं की आठवड्याच्या आत माझं बिऱ्हाड तारनाक्याला. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचं आणि विचारलं तेवढं बोलायचं. माझे हात अजून चालतात, विनू. टाका बोटाला कळतो. फक्त ही मेली सुई ओवता येत नाही."

मग आमचं ठरलं. दर शनिवारी मी बाराही सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या. दोरा हातभर, जास्त नाही. त्यावर माईचा आठवडा निघायचा. शुक्रवारपर्यंत बाराही रिकाम्या व्हायच्या आणि शनिवारी मी पुन्हा हजर. मोजायचं कामही माझ्याकडं आलं. बोटांनी चाचपून मोजता येत होतं तिला, पण टोचायचं; आणि मी असताना म्हणायची, "डोळेवाली आहे ना घरात, मग मी कशाला रक्त काढू?"

त्या शनिवारांची चव अजून तोंडात आहे. क्लासमधून निघताना डोकं नुसतं भणभणत असायचं. माईच्या दोन खोल्यांत शिरलं की ओल्या वाळ्याचा वास, माठाचं पाणी, पत्र्याच्या डब्यात राखून ठेवलेले ताडगोळे. वीज गेली की ती ताडाच्या पंख्यानं मला वारा घालायची आणि मी गणितं करायची. गणितं संपली की मी सुया ओवायची आणि ती रेडिओ ऐकायची. बोलणं फार नसायचं. दोघीही दमलेल्या. ती आयुष्याला, मी सूत्रांना. कधी कधी मीही दोन-चार टाके घालायची, तिचा हात फिरायचा त्यावरून. "हा टाका रडका आहे. उसव." टाका रडका असतो हे मला तिच्याकडून कळलं.

खरं सांगायचं तर मला त्या गुपिताची ऐट होती. घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. मार्क किती, रँक कितवी, एवढंच. इथं एका म्हातारीचं सगळं घर माझ्या बारा दोऱ्यांवर उभं होतं.

एप्रिलात समोरच्या घरात बाळ आलं. खैरून आपा माईची तीस वर्षांपासूनची शेजारीण. लेक बाळंतपणाला आलेली. शनिवारी संध्याकाळी आपा पदराखाली एक जुनी मलमलची ओढणी घेऊन आली. तिच्या आईची होती म्हणे, हात लावला तर लोण्यासारखी.

"माई, नवासी हुई हमारे घर में. पीर कू छटी है. कुर्ता तुमीच सीना. बजार में क्या-क्या की आया है, चैन लगे सो, बटनां लगे सो. वो सब नक्को मेरे कू."

नवासी म्हणजे लेकीची लेक, आणि पीर म्हणजे सोमवार. हातात एकच दिवस होता. माईनं ओढणी गालाला लावली. "सी देतूं ना. तेरी नवासी, और मैं नईं बोलूं?"

त्या दिवसांत तिला काम कमी येत होतं. अबीड्सच्या दुकानांत तयार बाबासूट लटकायला लागले होते, निळे-गुलाबी, छातीवर अस्वल. लोक कौतुकानं माईचं झबलं घ्यायचे आणि घालायचे मात्र अस्वल. तिला ते कळत होतं. म्हणून खैरून आपानं "बजार का नक्को" म्हटल्यावर तिचं तोंड कसं उजळलं ते मला आजही दिसतं.

रविवारी सकाळच्या परीक्षेत मी सपशेल आपटले. चाळीस जणांत माझा नंबर चौतिसावा, आणि यादी क्लासच्या दारावर लावलेली. उन्हातून माईकडे आले, जेवले नाही. माई झबलं शिवत होती. तीनच्या सुमारास म्हणाली, "एवढे बंद लावून दे गं. चार आहेत. माझे हात आखडले." मी लावायला बसले. डोळ्यांपुढं ती यादी. बंद लावले, दोरा तोडला की नाही, सुई कुठं ठेवली, काही म्हणजे काही आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की मी घड्याळाकडे बघत होते, कारण साडेपाचची बस चुकली की पुढची सातला, आणि घरी बाबा निकाल ऐकायला बसलेले.

झबल्याची घडी करून माईनं ते वर्तमानपत्रात गुंडाळलं. मी दप्तर खांद्याला लावलं.

"सुया मोजल्यास?"

मी उशीकडे पाहिलंही नाही. "हौ. बारा आहेत."

"भरल्या?"

"पूर्ण भरल्या गं माई. जाते मी."

खोटं बोलायला फार वेळ लागत नाही. मी जिना उतरेपर्यंत विसरूनही गेले होते.

सोमवारी संध्याकाळी बाबा कामावरून आले ते बूट न काढता खुर्चीत बसले. माईनं एसटीडीच्या खोक्यातून त्यांना कचेरीत फोन केला होता. आईला म्हणाले, "माईला दिसत नाही. काचबिंदू आहे, कधीपासून लपवत होती. शेजारच्या तान्ह्या पोरीच्या झबल्यात सुई राहिली तिच्याकडून. नशीब थोर, घालायच्या आधी सापडली. आज स्वतःच सगळं सांगितलं मला. म्हणाली, ये आणि घेऊन जा."

मी दाराआड उभी होते. हातात भौतिकशास्त्राचं पुस्तक. बगलेत, बंदाच्या जागी, ती सुई मला लख्ख दिसली. काखेच्या जागी. सहा दिवसांच्या पोरीच्या. आत जाऊन सांगावं, ती सुई माझी, बंद मी लावले, मोजल्या नाहीत आणि मोजल्या म्हणाले. चार वाक्यं होती. बाबा कपाळ धरून बसले होते. आई म्हणाली, "हळू बोला, विनूची परीक्षा आहे." मी मूग गिळून अभ्यासाला बसले.

पुढच्या रविवारी टेम्पो आला. खाट, रेडिओ, माठ. खैरून आपा माईच्या गळ्यात पडून रडत होती. "क्या हुआ जी माई, कुछ नईं हुआ ना? बच्ची अच्छीच है. जातूं कायको बोल रै?" माई नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली, पेटी मांडीवर घेऊन.

परीक्षेत मला बरा नंबर मिळाला. बाबांनी पेढे वाटले. माईनं पेढा हातात घेतला, चाचपला, खाल्ला. "गोड आहे," म्हणाली.

आणि ती म्हणाली होती तसंच झालं. आईच्या स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल. आई वाईट नव्हती, पण घर आईचं होतं. माई शेंगा सोलायची, लसूण सोलायची, विचारलं तेवढं बोलायची. पेटी खाटेखाली. शिवणाचं नाव तिनं काढलं नाही. मला रोज वाटायचं, तिला खरंच वाटतंय की सुई तिच्या हातून राहिली. हातांवर तिचा केवढा भरवसा होता, आणि मी तो तोडला, आणि तिला ते ठाऊकही नाही. दरवर्षी एप्रिल आला की जीव खालीवर व्हायचा. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग? कॉलेज, नोकरी, लग्न. माणूस स्वतःला किती सवलत देतं याला हद्द नाही. अकरा वर्षं गेली.

ईराच्या वेळी मी बाळंतपणाला तारनाक्याला आले. माई ऐंशीच्या पुढं. डोळे जवळजवळ गेलेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. आठवा लागला तेव्हा एका दुपारी मला म्हणाली, "पेटी काढ. बारा सुया ओवून दे."

मी ओवल्या. जाडजूड पोट घेऊन जमिनीवर बसले आणि हातभर दोरे तोडले. गाठ मारली नाही. तिनं आठ दिवस ते झबलं शिवलं, कपाटात उरलेल्या शेवटच्या धोतराचं. टाके वाकडेतिकडे, कुठं लहान कुठं मोठे. सगळे रडके. उसव म्हणायला आता कुणी नव्हतं.

बारशाच्या सकाळी झबलं माझ्या हातात आलं. ईरा पलंगावर उघडी पाय झाडत होती. माई तिच्या खाटेवर भिंतीशी टेकून बसलेली. मी तिच्याकडे पाठ केली आणि शिवणीवरून बोट फिरवायला लागले. गळा, खांदा, बगल. बगलेशी दोनदा. प्रत्येक बंद चिमटीत धरून पाहिला. स्वतःची लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हता.

"काय शोधतेस?"

"काही नाही. बंद बघतेय."

"बारा आहेत. मोजल्यात मी."

ईराच्या पायातले वाळे तेवढे वाजत होते.

"तेव्हाही मोजल्या होत्या," माई म्हणाली. आवाज अगदी साधा. दूध आलं का विचारावं तसा. "तू गेलीस आणि खैरून झबलं घेऊन गेली. पेटी लावताना हात फिरवला तर अकरा. दोनदा मोजल्या. आधी फरशी चाचपली, मग तिच्याकडे गेले. झबलं परत मागून घेतलं. सापडली कशी वाटलं तुला?"

मी पलंगाच्या कडेला बसले. "मग मला का नाही बोललीस? बाबांना का नाही सांगितलंस?"

"परीक्षा होती तुझी. आणि डोळे गेलेच होते की, ते काही खोटं नव्हतं. आज ना उद्या यायचंच होतं इथं." "चिडले होते मी. फार चिडले होते. महिनाभर तुझ्याकडे बघवत नव्हतं मला, दिसत नव्हतं तरी. मग गेला राग."

"माई..."

"मला वाटायचं, येऊन सांगशील. परीक्षा झाली की सांगेल. निकाल लागला की सांगेल. लग्न होऊन जाताना पाया पडलीस, वाटलं आता सांगेल. वाट बघत होते, एवढंच."

मी रडले ते तेव्हा. तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगितलं, यादीपासून बसपर्यंत, तिला ठाऊक असलेलं सगळं, तिला नवं असल्यासारखं. ती ऐकत राहिली. मधे एकदा म्हणाली, "चौतिसावा? ते नव्हतं ठाऊक." मग खाटेवर हात फिरवून लाल उशी शोधली आणि माझ्यापुढं केली.

"घे. मोज आता."

मी मोजल्या. मोठ्यानं. एकेका सुईला बोट लावून. बारा भरल्या.

माई दुसऱ्या वर्षी गेली. उशी माझ्याकडे आहे, मखमल पार उडालेली. परवा रात्री तो कोरा पेपर कुंडीखाली परत ठेवला आणि आडवी झाले तरी झोप लागेना. वाटलं, आपणही वाट बघावी. पोरगी येईल, सांगेल. पण वाट बघायला माईएवढा दम माझ्यात नाही, आणि अकरा वर्षं फार होतात, दोघींनाही. उठले. ईराच्या दाराखाली उजेड होता. पेटीतून उशी काढली, तिचं दार लोटलं आणि तिच्या पलंगावर जाऊन बसले.

"आता काय गं मम्मा?" ती वैतागून म्हणाली. डोळे सुजलेले.

"तुला ओरडायला नाही आले," मी म्हटलं. "तुझ्याएवढी असताना मी एक खोटं बोलले होते, ते सांगायला आलेय."